एकवीस किलोचा प्रेक्षक

टीव्हीसमोर कोणी रडायला बसतं, कोणी डुलक्या काढायला, तर कोणी घरातल्यांशी बोलावं लागू नये म्हणून. आमचे बापू इन्स्पेक्शनला बसतात. रिमोट त्यांच्याच हातात असतो, पण आवाज कमी-जास्त करण्याशी त्यांना देणंघेणं नाही. चित्र जागच्या जागी थिजवणारं जे एक बटण असतं, तेवढं मात्र दाबून दाबून त्यांनी गुळगुळीत केलंय. पडद्यावर जर्मन कप्तान बुडी मारायचा हुकूम सोडतो, पाणबुडीचं नाक जड व्हावं म्हणून खलाशी पुढच्या टोकाकडे धावत सुटतात, पार्श्वसंगीत छातीत घुमायला लागतं, आणि बापू म्हणतात, “थांबीव!” थांबवतात स्वतःच, पण हाताखालच्या माणसाला हुकूम सोडायची हयातभराची सवय. मग ते उठून टीव्हीपाशी जातात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका तबकडीवर बोट ठेवतात.

“ह्यो काटा बगा मास्तर. माणसं मरायला लागल्यात आन् काटा झिरोवर!”

असा माणूस प्रत्येक गावात असतो. निवृत्त तलाठी कौटुंबिक मालिकेतली वाटणी बघत नाही, सातबाऱ्यावर बोजा का चढवला नाही ते बघतो. कंपाउंडर नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी सोडून सलाइनच्या बाटलीतलं पाणी मोजतो. एस.टी.चा जुना ड्रायव्हर, नायकानं गिअर न बदलता घाट चढला की चॅनेल बदलतो. या लोकांना कथा कळत नाही असं घरचे म्हणतात. तसं नसतं. जगातली एक वस्तू त्यांनी तळहातासारखी ओळखलेली असते आणि त्या वस्तूशी कोणी खोटं बोललेलं त्यांना खपत नाही, एवढंच.

बापूंची वस्तू म्हणजे बॉयलर. अकलूज परिसरात साखर कारखान्याचा भोंगा ऐकल्याशिवाय मोठा झालेला माणूस विरळा, पण बापू त्या भोंग्याची वाफ पुरवणारे. फायरमन म्हणून लागले, परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झाले, आणि ते सर्टिफिकेट आजही बैठकीत विठोबाच्या फोटोशेजारी फ्रेममध्ये आहे. दरवर्षी बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं, पाहुण्यांचे सत्कार, नारळ, भाषणं; पाहुणे गेले की पुढे अख्खा गळीत हंगाम बापू, बगॅस आणि काटा. समुद्राशी त्यांचा संबंध घोट्याएवढाच. एकदा गणपतीपुळ्याला गेले होते, तेव्हा पँट दुमडून उभे राहिले आणि “पाणी खारं हाय” असा अहवाल देऊन परतले. होडीत बसले ते फक्त पंढरपुरात, चंद्रभागेत.

तरी पाणबुडीच्या कथांवर बापूंचा हक्क आहे आणि तो त्यांनी गणितानं मिळवलेला आहे. समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं की दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब वाढतो, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी पेन मागितलं. बॉयलरचा काटाही त्याच किलोत बोलतो. बापूंचा जुना बॉयलर २१ किलोचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सगळ्यात जास्त बांधलेली पाणबुडी म्हणजे सातव्या प्रकारची ‘सी’. लांबी ६७ मीटर, आत ४४ ते ५२ माणसं, आणि २०० मीटरच्या पलीकडे गेली की आतल्यांचं लक्ष फक्त कवचाच्या करकरण्याकडे. बापूंनी वर्तमानपत्राच्या कडेला २१० लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि बराच वेळ बोलले नाहीत.

“म्हंजी माझाच दाब की मास्तर. फकस्त बाहीरनं.” मग थोड्या वेळानं, “आन् माणसं आत? बॉयलरच्या आत?”

त्या दिवसापासून बापू पाणबुडीचे प्रेक्षक झाले. पुण्याला कंपनीत असलेल्या पुतण्यानं मोठा टीव्ही घेऊन दिला, जोडणी करून दिली, आणि मला दुभाषाची नोकरी लागली. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. पडद्याखाली इंग्रजी ओळी येणार, मी त्या मराठीत सांगणार, बापू दोन्ही तपासणार. “त्यो कप्तान एवढा येळ बोलला आन् तुमचं मराठी एवढंच? दोन वाक्यं गाळली तुमी.” गाळलेली असत.

सुरुवात झाली वोल्फगांग पीटरसनच्या १९८१ च्या ‘दास बोट’ या सिनेमानं. लोथार-ग्युंथर बुखहाइम नावाचा लेखक १९४१ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून यू-९६ या पाणबुडीवर गेला होता. त्यावर त्यानं १९७३ साली कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून हा सिनेमा. बापूंना हा सिनेमा एकदम पटला, आणि पटण्याची कारणं कुठल्याही समीक्षकानं लिहिलेली नाहीत. माणसांचे चेहरे. “ही रात्रपाळीची त्वांडं हायती,” ते म्हणाले. खरंच होतं ते. नटांना महिनोन्‌महिने उन्हात फिरकू दिलं नव्हतं आणि दाढ्या, पांढरेपणा क्रमानं वाढावा म्हणून चित्रीकरणही बरंचसं कथेच्या क्रमानंच केलं होतं. जिब्राल्टरपाशी पाणबुडी २८० मीटरवर जाऊन तळाला बसते तेव्हा बापू खुर्चीत पुढे सरकून बसले आणि “अठ्ठावीस किलो” असं पुटपुटले. एकदाही थांबवलं नाही. बोल्ट गोळीसारखे उडाले तेव्हा मात्र मी दबकून त्यांच्याकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “फ्लँजचा असंल. जाऊ द्या.” बापूंनी ‘जाऊ द्या’ म्हणणं म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार.

गंमत अशी की खुद्द बुखहाइमला तो सिनेमा मनापासून आवडला नव्हता. आरडाओरडा फार झालाय, अशी त्याची कुरकुर. आणि यू-९६ चा जो खरा कप्तान, लेमान-विलेनब्रॉक, तो युद्धातून जिवंत परतून याच सिनेमाला सल्लागार म्हणून उभा होता, जरी सिनेमातला कप्तान शेवटी बंदरातल्या बॉम्बफेकीत मरतो. स्वतःवरून बेतलेल्या माणसाचं मरण त्यानं कसं पाहिलं असेल? बापूंना या प्रश्नाचं काही वाटलं नाही. “सल्लागार म्हटल्यावर मानधन मिळालं असंल,” ते म्हणाले, “मग आपलं मेलेलं बगायला काय जातंय?”

मग आला आपला ‘द गाझी अटॅक’, २०१७ चा. एका ४ डिसेंबरला, नौदल दिनाला, टीव्हीवर लागला होता. विषय १९७१ चा. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या मागावर विशाखापट्टणमपर्यंत आली आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथंच बुडाली, आतल्या ९० हून अधिक माणसांसकट. कशानं बुडाली यावर दोन देशांचं आजही एकमत नाही. आपलं नौदल श्रेय देतं ते ‘राजपूत’ या विनाशिकेला, तिनं टाकलेल्या पाणसुरुंगी बॉम्बना. पाकिस्तान म्हणतं आतल्या किंवा सुरुंगाच्या स्फोटानं. सिनेमानं हे दोन्ही बाजूला ठेवलं आणि एस-२१ ही आपली पाणबुडी पाण्याखाली उतरवून गाझीशी झुंजवली. इतिहासाशी एवढी मोठी फारकत. मला वाटलं बापू आता टीव्हीच फोडतात. पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आत आपल्या सोलापुरात वाढलेला अतुल कुलकर्णी होता, त्यामुळे सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं जिल्ह्याच्या नात्यानं माफ. निर्वासित बाई आणि लहान मूल पाणबुडीवर घेतात तिथं त्यांची भुवई चढली, पण त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बाजूलाच बसलेल्या; त्यांनी “घेऊ द्या की, बुडू द्यायची व्हय?” म्हटल्यावर ती उतरली.

मग राष्ट्रगीताचा प्रसंग आला. अडकलेल्या पाणबुडीतली माणसं राष्ट्रगीत म्हणतात आणि वर शत्रूचा कप्तान ते ऐकून पेटतो. बापू उठून सावधान उभे राहिले. गीत संपेपर्यंत पापणी हलवली नाही. संपल्यावर बसले, आणि बसता बसता म्हणाले, “थांबीव.”

“बापू, मुद्दामच म्हणतात ते. त्यानं चिडून जवळ यावं म्हणून.”

“म्हणू द्या की. म्या कुठं न्हाय म्हणतोय? पर पंप बंद केलाय का? पंपाच्या आवाजात गाणं ऐकू जाईल व्हय त्येला?”

पण खरा भडका उडाला तो सिनेमा संपल्यावर, आणि त्याला कारण मी. मी सहज बोलून गेलो की १९७१ च्या त्या युद्धात ‘विक्रांत’च्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते, उरलेल्या तिघांवर जहाज चालवत तिला बंगालच्या उपसागरात उतरवली आणि तिच्या विमानांनी कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले केले. बापूंच्या हातातला चहा तसाच राहिला.

“तडा? चालू जहाजाच्या बॉयलरला?”

“हो. पूर्ण वेगच घेता येत नव्हता.”

“आन् तीन बॉयलरवर लढाई केली?”

“केली.”

“मग ह्यो सिनेमा कुणाचा हाय?” बापू गरजले. “पाणबुडीचा? ज्या माणसानं त्या तीन बॉयलरवर येक येक शिफ्ट काढली त्येचा एक शीन न्हाय! खाली त्यो घामानं निथळतोय, काटा बगतोय, आन् वर ह्यो कप्तान दुर्बीण घिऊन उभा!”

त्या रात्री त्यांनी तो सिनेमा मनातल्या मनात पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी मला गाठून सांगितला: पहिला प्रसंग बॉयलर रूम, शेवटचा प्रसंग बॉयलर रूम, मध्ये कुठंतरी युद्ध. मी नाही म्हणणार नाही, मी तो तिकीट काढून पाहिला असता.

त्या युद्धातली दुसरी गोष्ट मात्र बापूंना इतकी आवडली की ती ते अजून दुसऱ्यांना स्वतःची असल्यागत सांगतात. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला अंदमानात दडवलं आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असं शत्रूला भासवलं. कसं? ‘राजपूत’ला विक्रांतचं सोंग देऊन समुद्रात धाडलं आणि तिच्यावरून मोठ्या जहाजाला शोभेल इतक्या बिनतारी संदेशांची खैरात केली. शहरातल्या ठेकेदारांकडे मटण, भाजीपाला अशी एवढी मागणी नोंदवली की मोठा ताफा बंदरात येणार ही बातमी बाजारात आपोआप पसरावी. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे एक साधा, उघडा संदेश: विक्रांतवरचा कुणी खलाशी आपल्या आजारी आईची चौकशी करतोय. हे कृष्णन यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय.

हे ऐकल्यावर बापू मांडी थोपटून हसले. “ह्येला म्हणायचं ष्टोरी! जहाज न्हायच, पर मटण हाय आन् आई आजारी हाय. कोण म्हणंल खोटं?”

मला वाटतं, पडद्यावरच्या पटण्या-न पटण्याबद्दल यापेक्षा जास्त सांगता येत नाही. तोफा, तारखा, गणवेश सगळे चोख असूनही कथा पोकळ वाटते, आणि मुळात नसलेलं जहाज एका आजारी आईनं तरंगतं. पण हा विचार मला मांडू दिला गेला नाही, कारण स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या होत्या.

“आई आजारी!” काकू म्हणाल्या. “मास्तर, ह्यांनी ही ष्टोरी नौदलाच्या आधी काढलीया. ऐन हंगामात रजा पाहिजे म्हटलं की सासूबाई आजारी. यात्रा आली, आजारी. कुस्त्यांचा फड, आजारी. लावणी स्पर्धा, लई आजारी. आन् सासूबाई पार नव्वदीला गेल्या तवर त्यांना साधं पडसं झालं न्हाय!”

बापूंनी रिमोट उचलला, पण काकूंना थांबवायचं बटण त्यावर नव्हतं.

आता मालिका. जर्मनांनी २०१८ मध्ये ‘दास बोट’ नावानंच मालिका काढली. पहिल्या भागात आठ प्रकरणं, साल १९४२, फ्रान्समधलं ला रोशेल बंदर, पाणबुडी यू-६१२. सिनेमा बघून हरखलेले बापू मोठ्या आशेनं बसले. पहिलं प्रकरण निम्म्यावर येईस्तोवर त्यांच्या लक्षात आलं की या मालिकेत पाणबुडी निम्मीच आहे. उरलेली निम्मी कथा जमिनीवर, ला रोशेलच्या गल्ल्यांत: जर्मनांकडे दुभाषाचं काम करणारी सिमोन, पाणबुडीवर रेडिओ सांभाळणारा तिचा भाऊ, फ्रेंच भूमिगत, गेस्टापोचा अधिकारी. दर दहा मिनिटांनी पाणी संपायचं आणि रस्ता सुरू व्हायचा.

“तिकीट काढलं पाणबुडीचं,” बापू म्हणाले, “आन् फिरवत्यात एष्टीनं.”

काकूंचं उलट. त्यांना सिमोन पहिल्या दृश्यातच आवडली. पाणबुडी आली की त्या भात टाकायला उठायच्या, सिमोन आली की हात पुसत परत. म्हणून त्या घरात ही मालिका कोणीच पूर्ण पाहिलेली नाही. समुद्र बापूंनी पाहिला, जमीन काकूंनी. जेवताना दोघं एकमेकांना आपापला भाग सांगायचे आणि दुसऱ्याचा खोटा ठरवायचे. “इतकी हुशार बाई एवढ्या मोठ्या भानगडीत पडंल व्हय?” असं बापू. “भावासाठी बहीण काय करंल त्येला तुमचं किलो लागत न्हायती,” असं काकू. मी दोन्हीकडचा दुभाषा.

मी मालिकावाल्यांची बाजू घेऊन पाहिली. अडीच तासांचा सिनेमा एका नळकांड्यात काढता येतो, आठ तास कसे काढणार? प्रेक्षक कंटाळेल. बापूंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “कटाळा? मास्तर, आठ तासांच्या पाळीत काईच घडत न्हाय, त्येचाच पगार असतुया. काटा हलत न्हाय, हलत न्हाय, आन् तुमी त्येच्याकडं बगत बसलाव. त्येचंच भ्या. ह्या लोकांना वाटतं गोळी सुटली म्हंजी भ्या.” यावर मला उत्तर नव्हतं आणि अजून नाही. जुन्या सिनेमात माणसं कितीतरी वेळ नुसती वर बघत बसलेली असतात. वरून जहाजाच्या पंख्याचा आवाज जवळ येतो, लांब जातो. सिनेमाचा खरा जीव तिथं आहे. मालिकेनं मात्र गप्प बसायला घाबरून रस्ता धरला.

तरीही सगळंच त्यांनी नापास केलं असं नाही. मालिकेतला नवा कप्तान हॉफमान हा पहिल्या महायुद्धातल्या नामांकित पाणबुडीवाल्याचा मुलगा. त्यामुळे खलाशी त्याला मनातून मानत नाहीत, मागं कुजबुजतात. बापूंनी लगेच मान डोलवली. “वारसानं लागलेलं पोरगं. त्येला वर्सभर कोण पाना सुद्धा देत न्हाय.”

पण पुढे बंड झालं. खलाशी हुकूम मोडतात, कप्तानाला रबरी होडीत बसवून भर अटलांटिकमध्ये सोडून देतात आणि पाणबुडी घेऊन निघून जातात. यावर बापूंनी चित्र थांबवलं नाही. टीव्हीच बंद केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुरू केला नाही. त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. “बंड जमिनीवर करत्यात. जितं एकाची चूक झाली की सगळी मरत्यात, तितं माणसं एकमेकाच्या तोंडाकडं बगून जगत्यात. कारखान्यात संप झाला ना, तरी बॉयलर थंड होईस्तवर आमी जागचं हललो न्हाय. चेअरमनला शिव्या घातल्या, पर काट्याकडं बगत बगत घातल्या.”

मग मी त्यांना ऑस्कर कुशची गोष्ट सांगितली. खरा माणूस, यू-१५४ चा कप्तान. त्यानं पाणबुडीतला हिटलरचा फोटो काढून टाकला होता, युद्ध हरल्यातच जमा आहे असं आपल्या अधिकाऱ्यांसमोर बोलायचा. त्याला कुणी होडीत बसवून सोडलं नाही. किनाऱ्यावर आल्यावर त्याच्याच हाताखालच्या पहिल्या अधिकाऱ्यानं वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. खटला झाला आणि १२ मे १९४४ रोजी कीलला त्याला गोळ्या घातल्या.

बापू बराच वेळ गप्प होते.

“ह्ये पटलं,” ते म्हणाले. “अर्ज दिला. माणूस अर्जानंच मरतो.”

दुसऱ्या भागात तोच हॉफमान न्यूयॉर्कमध्ये उगवला तेव्हा मात्र बापूंना राग आला नाही. त्यांना अश्रू आले, हसून. होडीतून निघून अमेरिका! इथून पंढरपूरला पायी जायचं तर वारकऱ्याला मुक्काम करावे लागतात, आणि हा रबरी होडीतून सरळ न्यूयॉर्कला. काकूंनी विचारलं, “त्येला तिकडं जेवायला कोण घालत असंल?” हाही एक तपासणीचाच प्रकार, आणि लेखकांनी त्याकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही.

आता बापूंचा अविश्वास किती खोल जातो हे पाहायला मी एक खरी गोष्ट जपून ठेवली होती. यू-१२०६. एप्रिल १९४५, स्कॉटलंडचा किनारा. या पाणबुडीत नव्या पद्धतीचा संडास होता, खोल पाण्यातही वापरता येणारा. बाहेरच्या दाबावर मात करून मैला बाहेर फेकायचा. वाल्व्ह उघडण्या-बंद करण्याचा क्रम फार किचकट. क्रम चुकला, समुद्राचं पाणी आत घुसलं, खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोचलं, त्यातून क्लोरीन वायू सुटला. पाणबुडी नाइलाजानं वर आली, विमानांनी गाठली, आणि शेवटी आपल्याच माणसांनी तिला बुडवली. जर्मनीच्या सुमारे ४०,००० पाणबुडीवाल्यांपैकी सुमारे ३०,००० त्या युद्धात परतले नाहीत. त्यांतले काही असे, संडासापायी.

मला वाटलं बापू म्हणतील, काय थापा मारता मास्तर. पटकथेत कुणी हे लिहिलं असतं तर निर्मात्यानं हाकलून दिलं असतं. पण ‘क्रम’ हा शब्द ऐकताच बापू ताठ झाले.

“दोन वाल व्हतं का?”

“बहुतेक एकाहून जास्त.”

“मग बुडणारच!” त्यांनी वर्तमानपत्राची कड पुन्हा पुढे ओढली आणि ब्लोडाऊनचे दोन वाल्व्ह काढले. आधी कुठला, मग कुठला, उलट झालं तर काय होतं, नव्या पोरांना हे शिकवताना त्यांनी किती वेळा कानाखाली आवाज काढला, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. अर्ध्या तासानं यू-१२०६ या जगातली सगळ्यात विश्वासार्ह दुर्घटना ठरली.

याच माणसाला आषाढीच्या आधी अकलूजमध्ये पाहावं. तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान करून गावात येते, माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. घोडा सुटतो, आणि बापू, ज्यांना पडद्यावरचा न हललेला काटा सहन होत नाही, ते टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. एकदा मी खोडी काढली. “बापू, देवाच्या घोड्यावर स्वार दिसत नाही.” ते चालता चालता म्हणाले, “पाणबुडी तरी कुठं दिसती?” तमाशातल्या गवळणीत मिशीचा ठसा दिसणारी मावशी ठुमकत आली तरीही त्यांना काही खटकत नाही. “मावशी आल्या आल्या सांगती की मी खोटी हाय. ह्ये जर्मन कुटं सांगत्यात?”

बापूंची स्वतःचीही एक पाणबुडी आहे, म्हणजे एक रात्र. कारखान्याची वीज गेलेली, फीड पंप बंद, गेज ग्लासमधलं पाणी खाली खाली चाललेलं, आणि बापू एकटे. ही गोष्ट कॉलनीत सगळ्यांना पाठ आहे. मी इथं राहायला आलो तेव्हा त्या रात्री काटा २३ किलोवर गेला होता. दोन-चार हंगामांनी २५ वर. कोविडच्या नंतर २७. गेल्या दिवाळीत पुतण्याच्या पोरांना सांगताना त्यांनी ३० किलोवर नेला, आणि पुतण्या, जो इंजिनियर आहे, फटाक्यांची पिशवी बाजूला ठेवून म्हणाला, “बापू, थांबा. २१ किलोचा बॉयलर. सेफ्टी वाल्व्ह बावीसच्या आतच उडायला पाहिजे. तीस कसा गेला?”

बैठकीत सगळे बापूंकडे बघायला लागले. अख्ख्या जर्मन नौदलाला त्यांनी जे विचारलं होतं, ते त्यांना पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. बापूंनी पाणी प्यायलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. मग पोरांकडे वळून आवाज खाली आणला.

“त्या राती,” ते म्हणाले, “माझी आई लई आजारी हुती.”

पोरांचे डोळे मोठे झाले. पुतण्या गप्प झाला. मला स्वतःलाही वाल्व्हचा प्रश्न क्षणभर क्षुद्र वाटला.

“त्या राती सासूबाई हितं आपल्या चुलीपुढं पुरणाच्या पोळ्या लाटत हुत्या,” काकू आतून म्हणाल्या. “सोळा पोळ्या. तुमीच खाल्ल्या पाळीवरनं आल्यावर.”

बापूंनी पोरांवरची नजर हलवली नाही. “आजारी असून लाटत हुती,” ते म्हणाले. “काटा एकतीसवर गेला.”